घड्याळात शुगर दिसते म्हणे!
सुई न टोचता मनगटावरचं घड्याळ शुगर दाखवतं, मग आईबाबांना डॉक्टरकडे न्यायलाच नको, असा मेसेज फिरतोय ना, तो चुकीचा आहे. अमेरिकेत औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेने फेब्रुवारी 2024 मध्येच सांगितलंय की त्वचेला न टोचता स्वतःच शुगर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला त्यांनी मान्यता दिलेली नाही. सीजीएम, म्हणजे सतत शुगर मोजणारं यंत्र, वेगळं हां, त्याचा बारीक सेन्सर त्वचेखाली जातो आणि घड्याळ फक्त त्याचा आकडा दाखवतं. आणि ज्यांना डायबेटिस, बीपी, हार्ट फेल्युअर (हृदयाची रक्त पंप करायची ताकद कमी होणं) सगळंच आहे त्यांच्यासाठी साधा वजनकाटा जास्त कामाचा, कारण दोन-तीन दिवसांत दीड-दोन किलो वाढले तर अंगात पाणी साठत असू शकतं, लगेच डॉक्टरांना कळवा.