एकदाच ऐकवणार

नाशिकच्या सातपूरमध्ये, पत्रा ठोकणाऱ्या मशिनांच्या प्रेस शॉपमध्ये दहा वर्षं काढली की माणूस ‘काय?’ म्हटल्याशिवाय संभाषण सुरूच करत नाही. मग ‘आँ?’ तिसऱ्यांदा सांगितलं की कामाला लागतो. शॉप फ्लोअरवर याला कुणी बहिरेपणा म्हणत नाही, सगळेच तसे.

तरी न्यूझीलंडचं खूळ डोक्यात घेतलं आणि आयेल्ट्सची, म्हणजे परदेशी जायला लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी सुरू केली. त्यात लिसनिंगचे, म्हणजे ऐकून उत्तरं लिहायचे चार भाग, ४० प्रश्न, साधारण ३० मिनिटं. आणि रेकॉर्डिंग एकदाच वाजतं. एकदाच! आमच्याकडे ‘जेवायला या’सुद्धा चारदा म्हणावं लागतं.

क्लासच्या मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं, ‘पहिलं ऐकाल ते लिहू नका, बोलणारा बदलतो.’ आता फोनवरची बाई मंगळवारची वेळ मागते, मी मंगळवार लिहून पेन्सिल खाली ठेवतो, आणि ही म्हणते, अगं बाई, मंगळवारी डेंटिस्टकडे जायचंय, गुरुवार करा. खरं तर मला याची सवय हवी. आई रोज हेच करते. ‘अर्धा किलो भेंडी आण. नाहीतर पावच आण. भेंडी नकोच, गवार आण, कालच्यासारखी जून नको.’ उत्तर : गवार. वजन नमूद नाही.

स्पेलिंग चुकलं तरी मार्क जातो. अकॉमोडेशनमध्ये दोन सी, दोन एम. मी तीन एम लिहून आलो, कमी पडायला नकोत म्हणून. शिवाय ‘दोनपेक्षा जास्त शब्द नकोत’ म्हटलेलं असताना तिसरा लिहिला की बरोबर उत्तरही चूक. आमच्या मामांना एकदा या परीक्षेला बसवलं पाहिजे.

पण माझा घात केला तो नकाशाने. कुठल्याशा बागेचा नकाशा, त्यात इमारतींना नावं द्यायची. बाई म्हणाली, ‘फाउंटनपाशी डावीकडे.’ फाउंटन म्हणजे कारंजं. कारंजं म्हणजे आमच्या नाशिकचा रविवार कारंजा चौक. मी हेडफोनसकट तिथे पोचलो. चांदीच्या गणपतीला हात जोडले, डावीकडे वळायला गेलो तर रिक्षा आडवी, तिच्यामागे केळ्यांची हातगाडी. वाट काढून परत येतो तोवर बाई कॅफे, दुकान, सायकल स्टँड उरकून तळ्याकाठी जाऊन बसलेली. पाच प्रश्न गेले.

घरी सराव करावा तर गणपती जवळ आलेले आणि मागच्या मैदानावर पथकाची तालीम. नाशिक ढोलाचा अभिमान मलाही आहे. पण ऑस्ट्रेलियन माणूस फोन नंबर सांगत होता त्यातलं ‘डबल सेव्हन’ तेवढं ऐकू आलं, पुढचे आकडे ढोलाने सांगितले.

शनिवारी कंपनीला सुट्टी, म्हणून मॉक टेस्ट दिली. २२ बरोबर. मला हवी सात बँडची श्रेणी, त्याला साधारण ३० बरोबर लागतात. पेपर घेऊन घरी आलो तर आईने ओट्यापासूनच विचारलं, ‘किती रे?’

‘बावीस.’

नेमकी कुकरची शिट्टी झाली.

‘बत्तीस?’ आई म्हणाली, आणि शेजारच्या काकूंनाही ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा म्हणाली, ‘बत्तीस!’

मी दुसऱ्यांदा सांगितलं नाही.