‘प्रोक्युअर’ म्हणजे भारदस्त खरेदी नव्हे

व्हॉट्सअॅपवर फिरणारा सल्ला असा: ‘प्रोक्युअर म्हणजे परचेसच, फक्त वजनदार. अर्जात गेट, ऑब्टेन काढून प्रोक्युअर घाला. पोर्तुगीज प्रोकुरारही तोच, म्हणून गोंयकाराला चुकायची भीती नाही.’

प्रोक्युअरमध्ये पैसा असेलच असे नाही. असते ती खटपट. सहज न मिळणारी गोष्ट शोधून, बहुधा दुसऱ्या कुणासाठी, पैदा करणे. अवयवदानात दात्याचे मूत्रपिंड काढून घेतात त्याला ‘ऑर्गन प्रोक्युअरमेंट’ म्हणतात. तिथे परचेस घालून पाहा: १९९४ च्या प्रत्यारोपण कायद्याने तो सरळ गुन्हा. सरकारी खात्यातही गरज ठरवणे, वस्तूचे तपशील लिहिणे, निविदा, तांत्रिक छाननी, मग दर उघडणे, आलेला माल तपासणे ही सगळी साखळी प्रोक्युअरमेंट. परचेस ऑर्डर ही तिच्यातली एक कडी. म्हापशाच्या बाजारातून पेन आणलेत तर ‘बॉट’ पुरे.

अर्जातला सल्ला तर अंगाशी येणारा. मामलेदार कचेरीतून पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला रीतसर मिळाला तर ‘आय हॅव ऑब्टेन्ड’ लिहा. ‘प्रोक्युअर्ड’ म्हटले की वाचणाऱ्याला शंका येते, दाखला ‘मॅनेज’ केला की काय? ‘प्रोक्युअर्ड बाय फ्रॉड’ हा कोर्टकचेरीतला रुळलेला प्रयोग आहे. आणि कर्माच्या जागी माणूस आला तर विचारूच नका. ‘वी प्रोक्युअर गर्ल्स फॉर हॉटेल्स’ अशी जाहिरात दिलीत तर? १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ५ मध्ये वेश्याव्यवसायासाठी माणूस मिळवण्याला हेच क्रियापद आहे. नोकरभरतीला ‘रिक्रूट’.

आता पोर्तुगीज. लॅटिन मूळ एकच, प्रोकुरारे: दुसऱ्याच्या वतीने काळजी वाहणे. पण आजच्या पोर्तुगीजमध्ये प्रोकुरार म्हणजे शोधणे. ‘एश्तो आ प्रोकुरार आ शाव्ह’ याचा अर्थ किल्ली शोधतोय. ती मिळाली असे कुणी म्हटलेले नाही! मुळातला ‘वतीने’ मात्र आपल्या गोव्यातल्या जुन्या कागदपत्रांत जिवंत आहे. घराच्या फाइलीतले ‘प्रोकुरासांव’ म्हणजे मुखत्यारपत्र, खरेदीखत नव्हे. कोमुनिदादचा, म्हणजे गावची सामायिक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेचा, ‘प्रोकुरादोर’ म्हणजे तिचा मुखत्यार. इंग्रजीतला ‘प्रॉक्सी’ याच कुळातला, आणि पत्राखाली सहीजवळ येणारे ‘पी. पी.’सुद्धा: पत्र साहेबांचे, सही त्यांच्या वतीने दुसऱ्याची.