डाव्या हातातला फोन

आज सकाळी सव्वासात. मुंबईत हिंदमाता, पुलाखालचा रस्ता, नुकतीच एक सर येऊन गेलेली. एक बाबा स्कूटरवर, हेल्मेट आरशाला अडकवलेलं. पुढे पायाशी शाळेच्या गणवेशात सहा-सात वर्षांची मुलगी उभी. बाबांच्या डाव्या हातात फोन, कानाला. पुढची बेस्टची बस थांब्याला लागताना थांबली. बाबांनी उजव्या हाताने ब्रेक आवळला आणि झेब्रा क्रॉसिंगच्या पांढऱ्या पट्ट्यावर स्कूटर आडवी झाली. दोघांचं खरचटण्यावर निभावलं. मुलीची पाण्याची बाटली घरंगळत दुभाजकाला जाऊन टेकली. आणि रस्त्यावर उताणा पडलेल्या फोनमधून आवाज येतच होता, "अहो, ऐकताय ना? तिचा डबा इथेच राहिलाय."

सकाळपासून डोकं तापलंय, म्हणून लिहितेय.

जमलेले लोक म्हणत होते, रस्ता ओला होता, पट्टा गुळगुळीत होता. होताच. पण त्याच पट्ट्यावरून मागच्या दहा-पंधरा स्कूटर व्यवस्थित थांबल्या. हे बाबा पडले कारण त्यांचा डावा हात हँडलवर नव्हता. स्कूटर चालवणाऱ्या प्रत्येकाने हे एकदा समजून घ्या, कारण चालवायला शिकवताना हे कुणी सांगत नाही.

एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना सीबीएस किंवा एबीएस (ब्रेक आवळला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा) सक्तीचं झालं. स्कूटरना बहुधा सीबीएस असतं, म्हणजे एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागतो. तो ब्रेक कुठला? डावा. डावा दाबला की मागचं चाक धरतं आणि सोबत पुढचंही थोडं धरतं. उजवा ब्रेक फक्त पुढच्या चाकाचा. डाव्या हातात फोन घेतला की गाडीचा सगळ्यात भरवशाचा ब्रेक तुम्ही सोडून दिलेला असतो. उरतो एकटा पुढचा. तो घाबरून, एकदम, ओल्या रंगाच्या पट्ट्यावर आवळला की पुढचं चाक फिरायचं थांबतं आणि घसरतं. मागचं चाक घसरलं तर सावरायला थोडी संधी असते. पुढचं घसरलं की गाडी आडवी झालीच म्हणून समजा.

दुसरी गोष्ट हँडलची. ब्रेक लागला की शरीर पुढे ढकललं जातं आणि तो भार दोन्ही हातांनी हँडलवर तोलायचा असतो. एकच हात असेल तर सगळा भार उजव्या टोकावर येतो आणि हँडल डावीकडे वळतं. त्यात पुढे मूल उभं असेल तर तेही पुढे झुकतं आणि आधाराला हँडलच धरतं. शिवाय ॲक्सिलरेटर त्याच उजव्या मुठीत. घाईत ब्रेक दाबताना मूठ अर्धवट पिळलेलीच राहते, म्हणजे एक हात गाडी थांबवतोय आणि पळवतोयही.

गिअरच्या बाईकवर डाव्या हाताला क्लच असतो, तो दाबायला हात नसला तर थांबताना इंजिन आचके देत बंद पडतं. आणि हेल्मेटमध्ये फोन कोंबणाऱ्यांनो, तुमचं काही वेगळं नाही. फोन बसावा म्हणून हेल्मेटचा पट्टा सैल ठेवता आणि पडल्यावर तेच हेल्मेट डोक्यावरून निघून जातं. फोन घसरू नये म्हणून मान आखडते, आरशात बघायचं राहून जातं.

कारवाल्यांनी सुटलो म्हणू नये. मांडीवर ठेवलेला फोन जोरात ब्रेक मारला की पुढे, पायाशी जातो. तो ब्रेकच्या पेडलखाली अडकला तर पेडल पूर्ण खाली जात नाही. आणि तो उचलायला वाकलात तर रस्ताच दिसत नाही. फोन पायाशी पडला तर हात घालू नका. इंडिकेटर द्या, बाजूला घ्या, थांबा, मग उचला.

वेगाचा हिशोब करा. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११ मीटर. "कुणाचा मेसेज आहे तेवढं बघतो" म्हणून दोन सेकंद खाली बघितलं की २२ मीटर गाडी कुणीच चालवत नव्हतं. बेस्टची मोठी बस साधारण १२ मीटर लांब असते, म्हणजे जवळजवळ दोन बस. कोस्टल रोडवर ताशी ८० ला तेच ४४ मीटर. आणि हे फक्त बघण्याचं अंतर. समोर काय झालंय ते कळून पाय ब्रेकवर जायला आणखी एक-दीड सेकंद लागतो, गाडी प्रत्यक्ष थांबायला लागणारं अंतर वेगळं, आणि रस्ता ओला असेल तर ते आणखी वाढतं.

बरं, हँड्सफ्री वापरणारे म्हणतील आमचे दोन्ही हात हँडलवर असतात. मान्य. हातात फोन धरण्यापेक्षा ते बरं. पण शेजारी बसलेल्या माणसाला समोरची बस दिसते, तो बोलता बोलता गप्प होतो. फोनवरच्या माणसाला काहीच दिसत नाही, तो बोलतच राहतो. आज सकाळी तेच झालं. स्कूटर पडली होती, मुलगी रडत होती आणि पलीकडून डब्याचं सांगणं चालूच होतं.

"सिग्नलला उभं असताना बघितलं तर काय बिघडलं?" उभं असताना काही नाही, पण बघणं तिथे संपत नाही. अर्धा मेसेज टाइप झालेला असतो, सिग्नल सुटतो, मागचे हॉर्न मारायला लागतात आणि तुम्ही मान वर करायच्या आत गाडी सोडता. नेमके तेव्हाच अर्ध्या रस्त्यात अडकलेले पायी चालणारे शेवटची चार पावलं टाकत असतात. हातात पिशवी घेतलेली आजी अशा वेळी पळू शकत नाही.

डिलिव्हरीची मुलं आणि टॅक्सीवाले यांच्याबद्दल बोलताना माझा आवाज जरा खाली येतो. त्यांचं पोट त्या स्क्रीनवर आहे, पुढचं भाडं चालत्या गाडीतच समोर येतं आणि स्वीकारायला मोजके सेकंद असतात. दोष ती व्यवस्था आखणाऱ्यांचाही आहे. तरीही ऑर्डर लागली की आधी कडेला घ्या, एवढं मी म्हणणारच.

२०१९ च्या दुरुस्तीपासून कायदाही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम १८४, धोकादायक रीतीने गाडी चालवणं, त्यात हातात धरलेला फोन नाव घेऊन आलाय. पहिल्या वेळी १ हजार ते ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. तीन वर्षांच्या आत पुन्हा तेच केलं तर १० हजार रुपये दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमाने फोन फक्त रस्ता शोधायला वापरता येतो, तोही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. आपण मात्र ई-चलान आलं की कॅमेरा कुठे होता याचीच चर्चा करतो.

तर रस्ता शोधायचा कसा, ते सांगते. पत्ता टाकायचं काम स्टँड काढायच्या आधी. आवाजाच्या सूचना चालू करा, मराठीतही मिळतात. निघण्यापूर्वी पूर्ण रस्ता एकदा बोटाने सरकवत बघा आणि दोनच गोष्टी लक्षात ठेवा: कुठला पूल चढायचा आणि कुठे खालून जायचं. मुंबईत माणूस चुकतो तो इथेच. लालबागचा पूल चढायचा की खालून जायचं, हे रॅम्पच्या तोंडाशी येऊन नकाशात शोधाल तर मागचा ट्रक अंगावर येईल. चुकलात तर चुकलात, पुढे जा, वळसा पडू दे. कोस्टल रोडच्या बोगद्यात नकाशातला निळा ठिपका अडकतो किंवा उड्या मारतो, त्यामुळे बाहेर पडून कुठे वळायचं ते आत शिरायच्या आधीच ठरलेलं हवं.

स्कूटरला होल्डर लावताना तो आरशाच्या दांडीला लागतो, कारण हँडल प्लास्टिकने झाकलेलं असतं. दांडीभोवती आधी रबराची पट्टी गुंडाळा, मग स्क्रू आवळा, आणि आरशाच्या बुडाचा नट पान्याने घट्ट करून घ्या. नाहीतर फोनच्या वजनाने खड्ड्याखड्ड्यात आरसा फिरतो. महाग फोन असेल तर धक्के शोषणारा होल्डर घ्या, इंजिनच्या सततच्या थरथरीने कॅमेरा बिघडू शकतो. कारमध्ये होल्डर एसीच्या जाळीवर ठीक, फोन थंडही राहतो. काचेच्या उजव्या कोपऱ्यात नको, तिथल्या खांबाआड आधीच रस्ता ओलांडणारा माणूस लपतो. डावीकडे डॅशबोर्डवर एअरबॅगच्या झाकणावरही नको.

आणि फोनमधला ड्रायव्हिंग मोड चालू करा. आयफोनवर ड्रायव्हिंग फोकस आहे, अँड्रॉइडवर डू नॉट डिस्टर्ब. "खरंच तातडीचं असलं तर?" ही शंका रास्त आहे. त्याचीही सोय आहे. या दोन्हींत पुन्हा फोन करणाऱ्यांना परवानगी दिली की त्याच माणसाचा लगेच आलेला दुसरा फोन वाजतो. आयफोनवर तीन मिनिटांच्या आत, अँड्रॉइडवर पंधरा. घरी सांगून ठेवा: जिवावरचं असेल तर लागोपाठ दोनदा करा. दुसरी रिंग आली की कडेला घ्यायचं, स्टँडवर लावायची, मग बोलायचं. त्या बाबांच्या फोनमध्ये एवढं असतं तर तो डबा त्यांच्यापर्यंत शाळेच्या फाटकाशी पोचला असता.

लिहिता लिहिता त्या बाबांवरचा राग उतरलाय. त्यांनी उठल्याबरोबर मुलीला उचललं, तिचे गुडघे रुमालाने पुसले, फोनकडे बघितलंही नाही. तो दुसऱ्याच कुणीतरी आणून दिला. हात थरथरत होते त्यांचे.

आता बोलायचंय ते फोन करणाऱ्यांशी, म्हणजे आपल्या सगळ्यांशी. आई, बायको, नवरा, ऑफिसातले साहेब. माणूस या वेळी रस्त्यावर असणार हे घड्याळ बघून कळतं. तरी आपण करतो, आणि उचलला नाही की पुन्हा करतो, आणि संध्याकाळी "फोन का उचलला नाहीस" म्हणून रुसतो. तो रुसवा नको म्हणून लोक चालत्या गाडीवर फोन उचलतात. डब्याचं शाळेच्या ऑफिसला कळवता आलं असतं. "डबा राहिलाय, घेऊन येते" एवढा मेसेज टाकता आला असता. पोचल्यावर त्यांनी वाचला असता.

उद्यापासून फोन उचलला गेला आणि मागे हॉर्न ऐकू आले, तर आपलं पहिलं वाक्य हे: "गाडीवर आहात ना? ठेवते." आणि उत्तराची वाट न बघता ठेवायचा.

ती बाटली मीच उचलून मुलीला दिली. झाकण कुठेतरी गेलं होतं. तिने ती तशीच दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि बाबांना विचारलं, "आता हळू जायचं ना?"