चुना लावणारी माणसं

परवा रात्री कोल्हापुरात खाऊ गल्लीच्या तोंडाला नेहमीचे चौघं जमलो. समोर केशवराव भोसले नाट्यगृह असल्यावर विषय दुसरीकडं जाणार कसा? ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ह्याच कोपऱ्यावर उभं राहून आम्ही ते जळताना बघितलंय, दुसऱ्या दिवशी ज्यांचं नाव त्याला आहे त्या गायक-नट केशवरावांची जयंती, आणि कुणाच्याच तोंडातनं शब्द फुटत नव्हता.

पिंट्या पेव्हिंग ब्लॉकची कामं घेतो. "मी काय म्हणतो, तवाच सगळं पाडायचं हुतं! खाली दोन मजले पार्किंग, वर एसी थेटर, दर्शनी बाजूला ग्रॅनाइट, एलईडी, सेल्फी पॉइंट. एकदम कडक!"

"आणि हे बांधणारे शाहू महाराज?" सुऱ्या म्हणाला.

"मोठा पुतळा बसवू की!"

नानानं चहाचा कप खाली ठेवला. नाना जुना गवंडी, त्याचा बाप चुन्याच्या घाणीवर होता. "पिंट्या, छप्पर गेलं, स्टेज गेलं, मागं खासबागेच्या कुस्ती मैदानातलं स्टेजबी गेलं. भिंती का ऱ्हायल्या रं?"

"नशीब."

"नशीब न्हवं. दगड हाय त्यो. १९१३ ला काम धरलं आणि १९१५ ला उभं केलं, आत बघणाऱ्याच्या आड येईल असा एक खांब न्हाई. तुझे ब्लॉक दुसऱ्या पावसाळ्यात नाचत्यात."

मला ह्यात नानाचंच पटतं आणि ते मी लपवत नाही. आमच्या गल्लीतल्या मारुतीच्या देवळाचं काय झालं ते मी बघितलंय, काळ्या दगडावर आधी ऑइलपेंट, मग सांध्यांत सिमेंट, मग आतनं टाइल्स, आणि आता भिंतीला हात लावला तर पापुद्रे हातात येतात. काम करणाऱ्यानं 'जीर्णोद्धार' म्हणून फोटो काढून घेतले, पावती पुस्तकं संपवली आणि गेला. माझ्या आज्जीनं त्याच भिंतीला पाठ लावून सगळं म्हातारपण काढलं होतं, मला अजून त्याचा राग येतो.

"सिमेंटनं मजबूत होतंय की," पिंट्या.

"मजबूतच हुतंय, त्येच वाईट," नाना म्हणाला. "जुनी भित्त ओल घेती आणि सोडती. चुना तिला श्वास घिऊ देतो. सिमेंट ओल कोंडतं, मग ती दगडातनं न्हाईतर विटंतनं वाट काढती, मीठ फुलतं, पापुद्रं सुटत्यात. चुना भिजवून मुरवायचा, वाळू घालून घाणीत बैल फिरवायचा, गूळ-हिरड्याचं पाणी घालायचं. बापाच्या हाताची सालं जायची. आता चुना लावला म्हंजे फसवलं, आणि सिमेंट लावलं की बिल निघतं!"

सुऱ्या मधेच अंबाबाईच्या देवळावर गेला. मणिकर्णिका कुंड बुजवून वर बाग केली, शौचालय बांधलं आणि मग तेच परत उकरायला लागलं, गरुड मंडपाचे लाकडी खांब वरनं धडधाकट आणि खालनं कुजलेले निघाले. कुजायला एक दिवस लागत नाही, वर्षं लागतात, आणि तेवढी वर्षं रोज हजारो माणसं त्या खांबांना हात लावून पुढं जात होती. ह्यावर कुणी काही बोललं नाही. रोज पाणी कुठं मुरतंय, पिंपळाचं रोपटं कुठल्या फटीत धरलंय, वायर कुठं उघडी आहे, एवढं बघणारा एक माणूस पगारावर ठेवला तर करोडोंची कामं टळतील असं मला मनापासून वाटतं. पण त्याची फीत कापता येत नाही.

"पन्हाळा तर युनेस्कोत गेला," पिंट्या हटेना. "आता तिथं लायटिंग, म्युझिक, आणि अंबरखान्याच्या कोठारांना..."

"युनेस्कोनं नाव दिलंय, पिंट्या, चुना न्हाई दिला."

सुऱ्या एवढा हसला की शेजारच्या गाड्यावरची पोरं वळून बघायला लागली. आणि त्याला काय आठवलं कुणास ठाऊक, म्हणाला, "आरं पण ह्याला हे थेटर का पाडायचंय ते सांग की! कॉलेजची एकांकिका!"

पिंट्या एकदम गप्प.

"पोस्टमन हुता. एकच वाक्य, 'तार आली आहे'. एवढं म्हणायचं आणि जायचं. हा आला, लाइटाकडं बघत उभा ऱ्हायला, आणि मग आतल्या पोराला म्हणतोय, 'काय आलंय रं?'"

"माइक खराब हुता!"

"केशवरावांच्या स्टेजवर माइक लागतोय व्हय!" नाना ओरडला. "मागच्या खुर्चीपतूर खडा आवाज जायचा तितं!"

पिंट्या म्हणाला की पोस्टमनचा ड्रेस ढिला होता, लक्ष सगळं पँट धरण्यात होतं. मग ड्रेस कुणी आणला होता ह्यावर भांडण लागलं. ड्रेस सुऱ्यानंच आणला होता, मावसभावाचा, आणि तो परत दिलाच नाही म्हणून मावसभाऊ अजून त्याच्याशी बोलत नाही. चहावाला दिवा मालवायला आला तरी पँटच चालली होती.