सात खुणांवरून माणसाला सायकोपॅथ ठरवू नका

‘सत्तेवर पोचणारा प्रत्येक माणूस सायकोपॅथ असतो, ओळखायच्या सात खुणा’ असा एक लांबलचक मेसेज ग्रुपाग्रुपांवर फिरतो आहे. सायकोपॅथ म्हणजे दुसऱ्याच्या दुःखाची पर्वा नसलेला, पश्चात्ताप न होता लोकांना फसवणारा, वापरणारा माणूस. मी तो वाचून सोडून दिला असता. पण आमच्या वाडीच्या ग्रुपवर तो माझ्या चुलतबहिणीवर नेम धरून टाकला गेला. तिचा गुन्हा एवढाच की तिने ग्रामसभेत नळपाणी योजनेचा हिशेब मागितला. मेसेजखाली एका काकांनी लिहिलं, “सातातल्या पाच खुणा जुळतात.” त्यावर मुंबईच्या चाकरमान्यांनी पटापट अंगठे दिले. मला संताप आला, म्हणून हे लिहिते आहे.

काय आहेत या खुणा? रोखून बघणं, आवाज न चढवता बोलणं, चारचौघांत न रडणं, मोजकेच मित्र असणं आणि असंच आणखी काही. सायकोपॅथ ओळखायला तज्ज्ञ वापरतात ती मोजपट्टी कॅनडाच्या रॉबर्ट हेअर यांनी तयार केली. तिच्यात २० मुद्दे आहेत, प्रत्येकाला ० ते २ गुण, म्हणजे एकूण ४०. उत्तर अमेरिकेत साधारण ३० पासून पुढच्या माणसाला सायकोपॅथ धरतात. ती भरायला प्रशिक्षित तज्ज्ञ लागतो, सविस्तर मुलाखत लागते आणि जुनी कागदपत्रंही लागतात, कारण असा माणूस समोर बसून सफाईने खोटं बोलू शकतो. रोखून बघणं त्या २० मुद्द्यांत नाही. भावनांचा उथळपणा आहे, पण तो आयुष्यभराच्या वागण्यावरून बघतात. बापाच्या तेराव्याला माझी चुलतबहीण रडली नाही, यावरून नाही. आमच्या घरात त्या दिवशी साठ माणसांची पंगत तिने एकटीने सांभाळली होती. रडायला तिला वेळ कुठे होता?

आणि हा नुसता अडाणीपणा असता तरी चाललं असतं. प्रश्न विचारणाऱ्याच्या डोक्यात बिघाड आहे असं ठरवणं ही सत्तेची जुनी युक्ती आहे. सोव्हिएत रशियात सरकारवर टीका करणाऱ्यांना ‘संथ गतीचा स्किझोफ्रेनिया’ हा मनोविकार झाल्याचं लिहून इस्पितळात डांबत असत. आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ३ स्पष्ट सांगतं की आसपासच्या समाजाच्या नैतिक, सामाजिक किंवा राजकीय मूल्यांशी एखाद्याचं पटत नाही, एवढ्यावरून त्याला मानसिक आजार आहे असं ठरवता येत नाही. कायदा डॉक्टरलाही जे करू देत नाही, ते काकांनी मोबाइलवर करून टाकलं.

मेसेजात अर्धं सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करते. अशा वृत्तीची माणसं वर चढतात. २०१९ मध्ये लँडे, हार्म्स आणि क्रेडे या संशोधकांनी आधीचे अनेक अभ्यास एकत्र करून तपासले. या वृत्तीच्या माणसाला नेतेपद मिळण्याची शक्यता किंचित जास्त निघाली. किंचितच. आणि नेता म्हणून त्याचं काम किंचित कमी प्रतीचं निघालं. म्हणजे ‘प्रत्येक सत्ताधारी’ हे खोटं, आणि मेसेजात पुढे ‘म्हणूनच ते कामं करून दाखवतात’ असं जे कौतुक आहे तेही खोटं. २०१० मध्ये हेअर आणि सहकाऱ्यांनी २०३ कंपनी-अधिकारी तपासले, त्यात सुमारे ४ टक्के ३० च्या रेषेवर किंवा वर होते. त्यांची बोलण्याची छाप चांगली होती, पण सहकाऱ्यांना सांभाळून घेणं आणि प्रत्यक्ष काम यांत ते मागे होते. ‘पाचातला एक बडा साहेब सायकोपॅथ’ असा जो आकडा फिरतो, तो तिथला नाही.

‘हे जन्मजात असतं’ हेही अर्धवट. आनुवंशिकतेचा वाटा आहे, बालपणाचाही आहे. यावर जास्त शब्द खर्च करत नाही.

मला खरा राग आहे तो शेवटच्या वाक्यावर: ‘जुलूम म्हणजे सायकोपॅथांचं राज्य, सामान्य माणूस काही करू शकत नाही.’ हे कोकणातल्या माणसाने पुढे पाठवावं? आपल्या पणजोबांनी खोती, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या खोताचा अंमल, सोसली. खोतांत क्रूर होते, तसे देवभोळे, दारी आलेल्याला जेवू घालणारेही होते. कुळाचं धान्य दोघांच्याही कणगीत गेलं, कारण वसुलीचा हक्क वहिवाटीने आणि कायद्याने दिलेला होता, खोताच्या स्वभावाने नव्हे. तो हक्क मोडायला खोतांची मनं तपासावी लागली नाहीत. अलिबागजवळ चरीला शेतकरी नेते नारायण नागू पाटलांच्या मागे उभं राहून कुळांनी १९३३ पासून सुमारे सहा वर्षं संप केला, जमिनी पडीक ठेवल्या, उपासमार सोसली. १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती बंद करण्याचं विधेयक मांडलं. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातली कुळं त्यासाठी मुंबईत मोर्चाने गेली. अखेर १९४९ च्या कायद्याने खोती गेली, चांगल्या खोताची आणि वाईट खोताची, एकदमच.