हनुमानाचं नाणं कंपनीनं पाडलेलं नाही

नागपूरजवळच्या रामटेकची कार्तिकी पौर्णिमेची यात्रा जवळ आली की आमच्या गावच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. "1818 सालचं ईस्ट इंडिया कंपनीचं तांब्याचं एक आण्याचं नाणं, त्यावर राम-सीता-हनुमान. इंग्रजसुद्धा आपले देव मानत होते. घरात असेल तर लाखो रुपये मिळतील." यंदा शेजारच्या काकांनी धान विकून आलेल्या पैशांतले सात हजार 'नोंदणी फी' म्हणून फोनवरच्या माणसाला पाठवले. म्हणून हे लिहितोय.

पहिलं, 'एक आणा'. ब्रिटिश हिंदुस्थानात एक आण्याचं नाणं चलनात आलं ते 1907 साली, तेही निकेल-तांब्याचं, काठाला पाकळ्या असलेलं. 1818 च्या तांब्याच्या नाण्यावर तो आणा कुठून येणार?

आणि 1818 साली नागपूर भोसल्यांचं होतं. कंपनी आणि भोसल्यांची सीताबर्डीची लढाई जेमतेम आदल्या वर्षी झालेली. आमच्या पूर्वजांच्या हातात खेळत होता तो नागपुरी रुपया.

कंपनीनं सगळीकडे एकसारखी नाणी आणली ती 1835 मध्ये. त्यातल्या तांब्याच्या अर्ध्या आण्यावर एका बाजूला कंपनीचं सिंहांचं चिन्ह आणि दुसऱ्या बाजूला पानांच्या वेढ्यात किंमत. देव नाही. मात्र कंपनीनं कधीच देव छापले नाहीत, असंही मी म्हणणार नाही. मद्रासकडच्या पॅगोडा नावाच्या सोन्याच्या नाण्यांवर विष्णूची मूर्ती होती, कारण तिकडचे व्यापारी तेच नाणं ओळखायचे. त्याचा या तांब्याच्या चकतीशी काही संबंध नाही.

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. सरकारी नाण्यावरचा चेहरा कुणीतरी नेमलेला माणूस कोरतो आणि त्याची जबाबदारी घेतो. आजीच्या लक्ष्मीपूजनाच्या डबीत 1840 चा राणीछाप रुपया आहे. भिंगातून राणीच्या मानेचा खालचा काप पाहा, तिथं बारीक दोन अक्षरं दिसतात, डब्ल्यू. डब्ल्यू. म्हणजे विल्यम वायन. जन्म 1795, बर्मिंगहॅमचा. 1816 मध्ये लंडनच्या टांकसाळीत दुय्यम कोरक म्हणून लागला, 1828 मध्ये मुख्य कोरक झाला आणि 1851 मध्ये मरेपर्यंत त्याच पदावर राहिला. जगातल्या पहिल्या टपाल तिकिटावरचा राणीचा चेहराही त्यानंच कोरलेल्या पदकावरून घेतलेला. असा कोरक पोलादात एक मूळ ठसा कोरतो, तो कडक करून त्यावरून साचे काढतात आणि साच्यांवरून नाणी पाडतात. म्हणून एकाच मूळ ठशावरून पाडलेल्या हजारो रुपयांवर नाक, केसांचा अंबाडा, मान तीच.

यात्रेतल्या दुकानातून मी अशी तीन 'हनुमान नाणी' घेतली. तिन्हींवर 1818. एकावर गदा उजव्या खांद्यावर, दुसऱ्यावर डाव्या, तिसऱ्यावर शेपूट गदेला चिकटलेलं. तीन हात, तीन साचे. वर 'यू. के. एल.' अशी अक्षरं, जी कंपनीच्या कुठल्याच नाण्यावर नसतात. हे रामटके आहेत, म्हणजे देवांची चित्रं असलेल्या पूजेच्या चकत्या, देवघरात ठेवायच्या. श्रद्धेनं ठेवा, त्यात काहीच वावगं नाही.

राहिला वजनाचा प्रश्न. खरा रुपया जुन्या एका तोळ्याचा, 11.66 ग्रॅम, फार घासला असेल तर थोडा कमी. सराफाकडे तोलून घ्या. माझी तीन नाणी तोलली तर तिन्हींचं वजन वेगळं. आणि हे नाणं 'तांदूळ ओढतं' म्हणतात तेही खोटं. तांब्याला ना लोखंड चिकटतं ना तांदूळ.

लाखांच्या किमतीबद्दल एवढंच: जुनी नाणी विकून देतो म्हणत रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून फी मागणाऱ्यांपासून सावध राहा, असं बँकेनं ऑगस्ट 2021 मध्येच जाहीर केलं होतं. बँक असा व्यवहार करत नाही आणि कमिशनही मागत नाही.

काका परवा घरी आले होते. "काहून बाप्पा, आधी सांगतलं नाही?" एवढंच म्हणाले. सायबर फसवणुकीच्या 1930 या फोन क्रमांकावर तक्रार नोंदवून दिली. मग त्यांच्या हातात भिंग दिलं, तर आजीच्या रुपयावरची ती दोन अक्षरं ते बराच वेळ पाहत बसले.