फ्लॉपी दिसली म्हणून विमान धोकादायक?

"तुमच्या खिशातला फोन विमानापेक्षा पुढारलेला आहे, कंपन्या मुद्दाम जुनाट तंत्रज्ञान वापरून तुमच्या जिवाशी खेळतात." विमानातल्या फ्लॉपीचा दाखला देत असेच आणखी दावे करणारा हा मेसेज फिरत फिरत मावशीकडे पोचला आणि ती पुढच्या आठवड्याचं तिकीट रद्द करायला निघाली. म्हणून हे लिहितोय.

बोइंग ७४७-४०० मध्ये फ्लॉपी? हो, खरं आहे. मार्गांचा डेटाबेस दर २८ दिवसांनी साडेतीन इंची फ्लॉपीवरून, म्हणजे जुन्या संगणकांतल्या डेटा साठवायच्या चकतीवरून, भरायची त्यात सोय आहे. पण भरला जाणारा डेटा ताजाच असतो. पुढे.

"मग फोनमधली चिप बसवा." संताप येतो तो या वाक्याचा. फोन अडकला की आपण तो बंद करून पुन्हा चालू करतो. विमान उतरत असताना हे करून बघणार का? ज्या बिघाडाने विमानच पडेल, त्याची शक्यता उड्डाणाच्या एका तासाला एक अब्जात एक इतकीच असावी, असा निकष आहे. तो सिद्ध करायला वर्षं जातात आणि तोवर चिप बाजारात जुनी झालेली असते. नव्याचीच हौस असेल तर बोइंगचं ७३७ मॅक्स आठवा. त्यातली एमकॅस ही त्या विमानासाठी नव्याने घातलेली प्रणाली होती. ती एकाच सेन्सरवर विसंबून होती. सेन्सरने विमानाचं नाक आहे त्यापेक्षा वर असल्याचा चुकीचा कोन दाखवला की ती विमानाचं नाक पुन्हा पुन्हा खाली दाबायची, आणि पहिल्या अपघातापर्यंत पायलटांना ती आहे हेही सांगितलेलं नव्हतं. ऑक्टोबर २०१८ आणि मार्च २०१९ मधल्या दोन अपघातांत ३४६ माणसं गेली. ती जुन्या चिपमुळे गेली नाहीत.

"अख्ख्या विमानाला पॅराशूट लावा." सिरस या दीड टनाच्या छोट्या खासगी विमानाला ते असतं. एअरबसचं ए३२० हे प्रवासी विमान सत्तर टनांच्या वर जातं. शिवाय बरेचसे अपघात उडताना-उतरताना होतात, तिथे पॅराशूट उघडायला उंचीच नसते.

"लपवायचं असतं म्हणून ब्लॅक बॉक्सचा डेटा थेट पाठवत नाहीत." अटलांटिक समुद्रात कोसळलेल्या एअर फ्रान्स ४४७ या विमानाने २००९ मध्ये शेवटच्या काही मिनिटांत बिघाडांचे २४ संदेश आपोआप पाठवले होते. म्हणजे काहीच पाठवत नाहीत, हे खोटं.

पण रेकॉर्डरच्या बाबतीत एक गोष्ट मला मान्य करावीच लागते. कॉकपिटमधला आवाज दोन तासांऐवजी २५ तास साठवा, जुन्या विमानांतही, अशी शिफारस अमेरिकेच्या एनटीएसबी या तपास संस्थेने २०१८ मध्येच केली होती. युरोपने नव्या मोठ्या विमानांना ते सक्तीचं केलं. अमेरिका थांबली. जानेवारी २०२४ मध्ये अलास्का एअरलाइन्सच्या विमानाचा दाराच्या जागी बसवलेला भाग हवेत निखळला, तेव्हा कॉकपिटमधलं रेकॉर्डिंग त्यावर पुढचं चढून पुसलं गेलेलं होतं. सक्तीचा कायदा त्यानंतर मे महिन्यात झाला. असे रेकॉर्डर तोवर युरोपात उडत होते, म्हणजे इथे चाचण्यांचं कारणही चालत नाही. या सहा वर्षांचं समर्थन मी करणार नाही.